पऱ्हाटीचं साल, जवारीचं साल

साल १८६४, चैत्राचं ऊन. तुम्ही खामगावच्या कापूस बाजारात शिरताय. आधी तोंडाला फडकं बांधा, रुईचे तंतू नाकात गेले की शिंका थांबत नाहीत. गाडीला गाडी भिडलीय. रेल्वे इथवर यायला अजून सहा वर्षं आहेत, सगळा माल बैलांच्या मानेवर. शेण, वंगण, घाम यांचा एकच दर्प, आणि वर "हो, हो, सरक!" असा गलका.

दलाल तुमचा हात उपरण्याखाली ओढतो. भाव तोंडानं बोलायचा नसतो. त्याची घामट बोटं तुमची दोन बोटं दाबतात. तुम्ही हात झटकता. तो पुन्हा धरतो, आता तीन. छातीत धडधडतंय ना? दूर अमेरिकेत लढाई पेटलीय, तिथला कापूस अडलाय, आणि मुंबईत भाव चौपटीवर गेलाय. कुणी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या म्हणे. खरं-खोटं कुणास ठाऊक, पण बाजारभर तीच बोलवा.

रात्री घरी रेचा करकरतोय. सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या. कंबरेची थैली जड आहे आणि तुमच्या मनात सगळी जमीन पांढरी झालीय. तेवढ्यात चुलीपासून बायको विचारते, "समदं वावर पऱ्हाटीखाली गेलं, त बैलं काय खातीन?"

तिचं खरं आहे. जवारी म्हणजे नुसती भाकर नव्हे, वर्षभराचा कडबाही. बैल खंगले तर कापूस बाजारात नेणार कोण? कुणबी भावाला भुलतो असं म्हणणाऱ्यांनी चुलीपुढचा हा हिशेब ऐकलेलाच नाही. तुम्ही मोठं वावर कापसाला देता, गावाजवळचं जवारीला राखता. सरकी शेणकाल्यात चोळताना बोटांना चिकटते. धुतली तरी वास जात नाही.

वर्षभरात लढाई संपते. पुढच्या बाजारात दलालाची बोटं थंड, दोनावरच अडलेली. जवारी मात्र महागच. शेजारी कपाळाला हात लावून बसलाय, त्यानं एक तासही जवारीचं ठेवलं नव्हतं. त्याला चार पेंढ्या कडबा द्या, पुढच्या साली तुमच्यावरही वेळ येईल. मग तिफण बाहेर काढा, फण ठोकून घ्या. यंदा मोठं वावर जवारीला, आणि मिरगाला आठच दिवस उरलेत.