फौजेच्या परवानगीनं

फौजेत लग्न दोनदा होतं. एकदा अक्षता पडतात तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते तेव्हा. नव्या नवरीला ही गोष्ट सासूबाई नव्हे, युनिटमधल्या थोरल्या बायका समजावून सांगतात. नवऱ्याच्या नोंदीत बायकोचं नाव त्या ऑर्डरीनं चढलं की मग क्वार्टर, मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टीन कार्ड, आणि पुढेमागे काही बरंवाईट झालंच तर पेन्शन. आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. आमची ऑर्डर सहज निघाली. मुलगी साताऱ्याची, मुलगा कोल्हापूरचा. कुणी काही विचारण्याचं कारणच नव्हतं. पण छावण्यांतून राहताना मी असंही जोडपं पाहिलं, ज्याचा अर्ज दिल्लीकडे गेला तो महिनोन् महिने परत आला नाही, कारण मुलगी परदेशी होती. दोघंही शहाणी, एकमेकांवर जीव असलेली. पण अर्जाच्या वाटेकडे डोळे लावून त्यांनी काढलेले दिवस मी जवळून पाहिले, आणि सैनिकाच्या लग्नात सरकार केव्हापासून येऊन बसलं याचा शोध घ्यायला लागले.

हा शोध मला घेऊन गेला गोव्यात. नोव्हेंबर १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती अफोंसो द अल्बुकर्कनं गोवा आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा जिंकला. त्याच्या हाताशी माणसं थोडी, पोर्तुगाल महिनोन् महिन्यांच्या जलप्रवासावर, आणि बायकांनी तिकडून इकडे येण्याची शक्यता नाहीच. मग त्यानं आपल्या शिपायांना आणि खलाशांना इथल्या बायकांशी लग्नं करायला लावलं. अशा लग्न केलेल्यांना ‘कासादो’ म्हणत. त्यांना घर मिळे, जमीन मिळे, शहरात व्यापार-धंद्याची मुभा मिळे. शिपाई संसारात अडकला की गोवा सोडून जाणार नाही, असा सरळ हिशेब होता. इतिहासाच्या पुस्तकांत या धोरणाचं दूरदृष्टी म्हणून कौतुक केलेलं आढळतं. मला ते कौतुक पटत नाही. त्यातल्या कितीतरी बायका त्याच लढाईत मारल्या गेलेल्यांच्या विधवा आणि लेकी होत्या. कैदेत पडलेल्या. आधी बाप्तिस्मा, मग लग्न. तुझी मर्जी आहे का, असं त्यांना कुणी विचारल्याचं कुठे दिसत नाही.

मद्रासेत इंग्रजांनी तोच हिशेब पैशांत मांडला. १६८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी फोर्ट सेंट जॉर्जला कळवलं की आपल्या शिपायांनी देशी बायकांशी लग्नं करावीत, आणि अशा लग्नातून मूल झालं तर त्याच्या आईला एक पॅगोडा, म्हणजे एक होन, द्यावा. शंभरएक वर्षांनी वारं पार फिरलं. तोवर विलायतेहून नोकरीला येणाऱ्यांची रांग लागली होती, आणि मिश्र वंशाची पोरं त्या नोकऱ्यांना वाटेकरी ठरत होती. १७९१ मध्ये देशी आईच्या मुलांना कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी हुद्द्यांचं दार बंद झालं. १७९५ मध्ये आणखी एक हुकूम निघाला: आई आणि बाप दोघंही युरोपियन नसतील, तर सैन्यात फक्त ढोल वाजवावा, बासरी वाजवावी, घोड्यांना नाल ठोकावेत. ज्या मुलांच्या जन्मासाठी होन देऊ केला होता, त्यांच्याच नातवंडांना पलटणीत बंदूक धरायची मनाई झाली.

गोऱ्या शिपायाला गोरी बायको करायची असली तरी मोकळीक नव्हतीच. ब्रिटिश पलटणीत शंभर शिपायांमागे सहा-सातच बायका ‘स्ट्रेंग्थवर’, म्हणजे पलटणीच्या अधिकृत यादीत, घेत. त्यांना शिधा आणि बराकीत जागा मिळे. कमांडिंग ऑफिसरला न विचारता केलेलं लग्न चर्चच्या दृष्टीनं खरं, पलटणीच्या दृष्टीनं नसल्यासारखं. पलटण समुद्रापार निघाली की कोणत्या बायका बरोबर जाणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवत. चिठ्ठी न लागलेली बाई पोराबाळांसह धक्क्यावरच राही. आमच्या पार्ट टू ऑर्डरीचं मूळ त्या ‘स्ट्रेंग्थ’मध्येच आहे असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न एकदम लाखोंच्या घरात गेला. अमेरिकन सैन्य इंग्लंडात उतरलं, तरुण मुलं-मुली भेटली, आणि १९४२ मध्येच अमेरिकेच्या युद्धखात्यानं हुकूम काढला की परदेशात असलेल्या कोणत्याही सैनिकानं कमांडिंग ऑफिसरच्या मंजुरीशिवाय लग्न करायचं नाही. अर्ज केल्यावर काही महिने थांबायचं, मुलीची चौकशी व्हायची. एवढं करून लग्न झालं तरी ती अमेरिकन होत नव्हती, आणि यामागचा कायदा समजून घेण्यासारखा आहे. १९२२ पर्यंत अमेरिकन माणसाशी लग्न करणारी परदेशी बाई आपोआप अमेरिकन नागरिक होई, आणि परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई आपलं नागरिकत्व गमावून बसे. बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊ नये यासाठी अमेरिकेतल्या बायका झगडल्या, आणि १९२२ मध्ये केबल कायद्यानं ते बंधन तोडलं. पण त्याच कायद्यामुळे पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच आणि इंग्लिश नववधूंना जे लग्नाबरोबर मिळत होतं, ते दुसऱ्या युद्धानंतरच्या वधूंना मिळेना. त्यांना व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागलं.

युद्ध संपलं, नवरे मायदेशी गेले, आणि हजारो मुली कडेवर मूल घेऊन इंग्लंडात अडकल्या. बोटी आधी सैनिकांसाठी. त्या बायकांनी लंडनच्या रस्त्यावर येऊन निदर्शनं केली. २८ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकेत ‘वॉर ब्राइड्स’ कायदा झाला आणि त्यांची वाट मोकळी झाली. २६ जानेवारी १९४६ रोजी ‘अर्जेंटिना’ नावाची बोट साउदम्प्टनहून ४५२ वधू, १७३ मुलं आणि एक नवरदेव घेऊन निघाली. हो, एक नवरदेवही होता. सैन्यात बायकाही होत्या. एकट्या ब्रिटनमधून अशा सुमारे ७०,००० वधू अमेरिकेत गेल्या.

पण ही सुखान्त गोष्ट सगळ्यांची नव्हती, आणि मला सांगायचं आहे ते इथेच. इंग्लंडात आलेल्या अमेरिकन सैन्यात काळे सैनिकही होते. त्यांनी इंग्लिश मुलीशी लग्नाचा अर्ज केला की कमांडिंग ऑफिसर तो जवळपास हमखास नाकारत. तेव्हा अमेरिकेतल्या तीसएक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न बेकायदा होतं, हे कारण हाताशी होतंच. अशा जोडप्यांची सुमारे २,००० मुलं ब्रिटनमध्ये जन्मली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बहुतेकांना बाप दिसला नाही, आणि पुष्कळांना अनाथाश्रमात वाढावं लागलं. बापानं टाकलं असं त्यांना सांगण्यात आलं. कितीतरी बापांनी अर्ज केला होता. अमेरिकेतले ते कायदे सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले तेव्हा १९६७ साल उजाडलं होतं, आणि ती मुलं विशी ओलांडून गेली होती.

जपानमध्ये तर दुहेरी भिंत होती: एक मंजुरीची, दुसरी कायद्याची. १९२४ च्या अमेरिकन कायद्यानं जपानी माणसाला तिथं स्थायिक होण्याची बंदीच होती, सैनिकाची बायको असली तरी. १९४७ च्या जुलैत ती कायद्याची भिंत तीस दिवसांपुरती उघडली: एवढ्या मुदतीत लग्न उरका, तर बायकोला नेता येईल. महिन्याभरात अर्ज, चौकशी, मंजुरी, लग्न! ज्यांना जमलं त्यांना जमलं. कायमची वाट खुली झाली ती १९५२ च्या कायद्यानं.

आणि त्या जपानमध्ये आपली माणसंही होती, हे महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नसतं. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ताबा-फौजेत २६८ वी हिंदी ब्रिगेड होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, आपली जंगी पलटण. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची पोरं बॉम्बनं बेचिराख झालेल्या हिरोशिमाच्या आसपासच्या मुलखात १९४६ मध्ये पहारे देत होती. या फौजेचे सेनापती नॉर्थकॉट यांचा सक्त हुकूम होता: जपान्यांशी औपचारिक आणि नीट वागा, पण त्यांच्या घरात पाऊल टाकू नका, त्यांच्या कुटुंबात मिसळू नका. हिंदी ब्रिगेड १९४७ मध्ये परतली. ऑस्ट्रेलियन सैनिक मागे राहिले, आणि हुकूम असूनही त्यांची मनं जुळली. गॉर्डन पार्कर नावाच्या ऑस्ट्रेलियन सैनिकानं कुरे इथल्या छावणीत काम करणाऱ्या जपानी मुलीशी लग्न केलं. तो परतला, ती तिथंच राहिली, आणि तिला आणण्यासाठी तो वर्षानुवर्षं सरकारशी झगडला. १९५२ मध्ये ती मेलबर्नला उतरली. ऑस्ट्रेलियात आलेली ती पहिली जपानी युद्धवधू. तिच्यामागून सुमारे साडेसहाशे आल्या. एका शिपायानं चिकाटी सोडली नाही म्हणून एका देशाचं फक्त गोऱ्यांनाच वसू देण्याचं धोरण तेवढ्यापुरतं तरी वाकलं. त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे आज काय आहे? आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एका तरुण कॅप्टनची आई राहते. मुलाला परदेशी मुलगी पसंत आहे. आई माझ्याकडे आली ती रडवेली होऊनच. तिला मी जे सांगितलं ते असं. हॉल आधी ठरवू नका. मुलानं सीओ साहेबांमार्फत, म्हणजे कमांडिंग ऑफिसरमार्फत, अर्ज करायचा. मुलगी परक्या देशाची नागरिक असेल तर सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. लग्न इथं नोंदवायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, त्यात तीस दिवसांची नोटीस. तिच्या देशात करायचं तर १९६९ चा परदेशी विवाह कायदा, आपल्या वकिलातीत. लग्नानं ती भारतीय होत नाही. नागरिकत्वासाठी इथं सात वर्षं राहून मग अर्ज. देशाच्या सुरक्षेसाठी चौकशी हवी हे मला मान्य आहे. सीमेवरच्या नकाशांची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याच्या घरात कोण येतं हे पाहिलंच पाहिजे. पण चौकशीला मुदत हवी. ‘नाही’ म्हणायचं तर तेही वेळेवर आणि कारण देऊन म्हणावं. माणसाला वर्षानुवर्षं टांगून ठेवणं ही सुरक्षा नव्हे.

कॅप्टनची आई म्हणाली, “काकू, बाहेरची मुलगी आपल्या फौजेत रुळेल का हो?”

म्हणून मी तिला सावित्रीबाई खानोलकरांची हकीकत सांगितली. माहेरचं नाव इव्ह. जन्म १९१३, स्वित्झर्लंडमधलं नशातेल. वडील हंगेरियन, जिनिव्हात समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई रशियन, ती लवकर गेली. १९२९ मध्ये आल्प्समधल्या शामोनीला सँडहर्स्टच्या, म्हणजे इंग्लंडातल्या लष्करी अकादमीच्या, कॅडेटांची टोळी सुट्टीत आली होती. त्यांत विक्रम खानोलकर हा मराठी तरुण. तेव्हा सँडहर्स्टला हिंदी मुलांसाठी जागा मोजक्याच असत. ही सोळा वर्षांची. वडिलांचा विरोध. तरी ती हिंदुस्थानात आली आणि १९३२ मध्ये लखनौला दोघांचं लग्न झालं. इव्हची सावित्री झाली.

त्या काळच्या ब्रिटिश कायद्यानं ब्रिटिश प्रजाजनाची बायको लग्नाबरोबर ब्रिटिश प्रजाजन ठरे, म्हणजे कागदाची अडचण आजच्यापेक्षा कमी. अडचण माणसांची असणार. ज्या हिंदुस्थानात कितीतरी साहेबी क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, तिथं हिंदी अधिकाऱ्याची गोरी बायको साडी नेसून वावरत होती. मी स्वतः छावणीत जन्म काढला आहे. बायकांची नजर काय असते ते मला माहीत आहे. तिनं ती सोसली, आणि त्याच वेळी मराठी, हिंदी, संस्कृत शिकली. वेद-पुराणं वाचली. फाळणीनंतर निर्वासितांसाठी राबली.

स्वातंत्र्यानंतर नव्या शौर्यपदकांची गरज पडली, तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम तिला सांगितलं. परमवीर चक्र तिनं रेखाटलं: काशाच्या गोलावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांतून इंद्राचं वज्र घडलं, ही कथा तिच्या मनात होती. मागच्या बाजूला कमळं. महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र हीसुद्धा तिचीच. परमवीर चक्राचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा, ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला पडलेले. ते तिच्या थोरल्या मुलीचे दीर. आणि ते पदक जिवंतपणी मिळवणारे पहिले, आपल्या बॉम्बे सॅपर्सचे कारवारकडचे रामा राघोबा राणे.

१९५२ मध्ये मेजर जनरल खानोलकर गेले. ती परत गेली नाही. रामकृष्ण मठाशी जोडली गेली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं, आणि २६ नोव्हेंबर १९९० रोजी भारतातच वारली.

कॅप्टनच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसून म्हणाली, “मराठी यायचं तिला?” म्हटलं, ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखातल्या संतांवर लिहिण्याइतकं. मग तिनं पर्समधून वही काढली आणि अर्जाला कोणकोणते कागद लागतात ते मला पहिल्यापासून सांगायला लावून उतरवून घेतलं. मुलीचा जन्मदाखला तिच्या देशातून यायला वेळ लागेल. तो आधी मागवा, असं मी दोनदा सांगितलं आहे.