पिलांची खानेसुमारी

खापरखेड्याच्या औष्णिक विद्युत् केंद्राच्या परिसरातून वाहणारी कन्हान पुढे आंभोऱ्यास वैनगंगेला मिळते. त्याच वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात, गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, सारस पक्ष्याचे महाराष्ट्रातील प्रमुख वसतिस्थान अद्याप टिकून आहे, आणि म्हणूनच नागपूर प्रांतीच्या मनुष्याने त्याच्या संततीची वास्तपुस्त करणे मला अगत्याचे वाटते.

विणीची बारकाईने नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुकर्रबखानाने १६१२ मध्ये गोव्याहून आणलेल्या टर्की पक्ष्याचे चित्र दरबारी चित्रकारांकडून काढवून घेणाऱ्या जहांगीर बादशहाने, पुढे लैला-मजनू या नावांच्या आपल्या पाळीव सारसजोडीने अंडी घातली तेव्हा, रात्री मादी ती उबविते व नर जवळ उभा राहून पहारा करितो, हे आत्मचरित्रात टिपून ठेविले. त्याच टर्कीच्या मूळ देशी, अमेरिकेत, आज अनेक राज्यांची वन्यजीव खाती उन्हाळ्यात दिसलेल्या माद्या व पिले मोजून कळविण्याची विनंती नागरिकांस करितात. मादीमागे पिले किती, यावरून पुढील वर्षांचा अंदाज बांधला जातो.

सारसाचे भवितव्य मात्र मनुष्याच्या शेतीशी जखडलेले आहे. कोहळी समाजाने बांधलेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आल्यावर ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव, म्हणून ओळखले जाऊ लागलेले जलाशय, बोड्या व धानाच्या बांध्या हेच त्याचे आश्रयस्थान. आणि पावसाळ्यात गवत-काड्यांचा ढीग रचून बहुधा दोन अंडी तो घालतो ती पुष्कळदा कुणा शेतकऱ्याच्या उभ्या धानातच.

‘सेवा’ ही संस्था व वनखाते स्थानिक शेतकऱ्यांच्या साहाय्याने पावसाळ्यापूर्वी, साधारणतः जूनमध्ये, पहाटेच्या प्रहरी सारसांच्या मुक्कामाच्या जागी एकाच वेळी गणना करितात. हे कार्य स्तुत्य आहे; परंतु दीर्घायुषी पक्ष्याच्या बाबतीत प्रौढांची संख्या वर्षानुवर्षे स्थिर दिसत असतानाही वंशवृद्धी खुंटलेली असू शकते, हे ध्यानी घेतले म्हणजे जूनच्या आकड्याइतकीच विणीनंतरच्या पिलांची खबर मोलाची ठरते. ही खबर देणारा खरा साक्षीदार म्हणजे चिखलणी, रोवणी व निंदणीसाठी बांधीत उतरणारा शेतकरी; घरटे त्याच्या दृष्टीस आधी पडते, आणि थोडे धान तुडविले गेले तरी ते जागच्या जागी राहू द्यावयाचे की नाही, हा निर्णयही त्याचाच असतो. तांबूस-पिंगट डोक्याचे, आईबापांच्या मागे चालणारे पिलू पुढील विणीपर्यंत बहुधा त्यांच्या सोबतच असते, त्यामुळे अनेक महिने ओळखता येते.

पटवाऱ्याच्या दप्तरी प्रत्येक गटातील पिकाची पाहणी दरसाल लिहिली जाते. त्याच गट क्रमांकाखाली घरटे, अंडी, निघालेली पिले आणि दिवाळीपर्यंत जगलेली पिले यांचे रकाने असावेत, आणि खबर देणाऱ्या शेतकऱ्यास तुडविलेल्या धानाची भरपाई त्या नोंदीच्या आधारेच विनाविलंब मिळावी.