बारमाही टायरची कुळकथा

अर्धशतकापूर्वीच्या अमेरिकेत, ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत, थंडीची चाहूल लागली की लोक गाडीची मागची दोन चाकं उतरवून त्यांवर बर्फाचे टायर चढवून घेत. मागचीच दोन, कारण तेव्हाच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळे. या टायरचे गुटके जाड आणि उंच असत. बर्फ उकरत ते गाडी पुढे रेटत, पण कोरड्या रस्त्यावर घोंगावत आणि वळणावर लडबडत. बर्फ सरला की ही जोडी उतरवून पुढच्या वर्षापर्यंत तळघरात जाई. १९६० च्या दशकात उत्तर युरोपातून धातूचे खिळे मारलेले टायरही आले. निसरड्या बर्फावर ते उत्तम चालत, पण उघड्या रस्त्याचं डांबर खरवडून काढत. इतकं, की हिवाळ्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या मिनेसोटा राज्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांवर बंदी घातली.

वर्षातून दोनदा होणारी ही अदलाबदल संपवण्याचं आश्वासन १९७७ मध्ये ॲक्रन शहरातल्या गुडइयर कंपनीने दिलं. टायरचं नाव होतं टिएम्पो. उन्हात, पावसात, बर्फात चारही चाकांना बाराही महिने हाच टायर. आज अमेरिकेत नव्या गाडीबरोबर बहुतेक वेळा जो ‘ऑल सीझन’ टायर मिळतो, त्याचा मूळपुरुष म्हणजे हा टिएम्पो.

पण तो १९७७ मध्येच का आला? याचं उत्तर ॲक्रनमध्ये नाही, फ्रान्समध्ये आहे. मिशलँ कंपनीच्या छापखान्यात कामाला लागलेल्या मारियुस मिन्योल या माणसाने टायरच्या सांगाड्याची रचनाच बदलली. जुन्या टायरमध्ये सुताचे थर एकमेकांना तिरके छेदत जात. त्यामुळे चाक फिरताना बाजू दबली की रस्त्याला टेकणारा भागही आक्रसायचा, वळवळायचा. मिन्योलच्या रेडियल टायरमध्ये सांगाड्याचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेले आणि त्यांवर पोलादी तारांचे पट्टे बसले. बाजू लवचीक राहिली आणि तळ मात्र सपाट, स्थिर राहिला. १९४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, १९४९ मध्ये मिशलँ एक्स बाजारात आला.

बारमाही टायरची खरी जन्मखूण हीच. बर्फावर पकड हवी तर रबराला भरपूर कडा लागतात, म्हणजे गुटके सुटे आणि चिरा पुष्कळ हव्यात. जुन्या रचनेवर अशी नक्षी कोरली की प्रत्येक गुटका रस्त्यावर घासत, मुरगळत राही. टायर झिजे आणि आवाजही करी. खाली पोलादी पट्टा आल्यावर गुटक्यांना पक्का आधार मिळाला. गुटक्यांतल्या त्या बारीक चिरांना आजही ‘साइप’ म्हणतात, ते जॉन साइप यांच्या नावावरून. त्यांचं पेटंट १९२३ चं. ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून ते बुटांच्या तळव्याला चिरा पाडत, अशी आख्यायिका सांगतात. चीर थोडी उघडते, तिच्या कडेला बर्फ धरला जातो, आणि पाण्याचा पातळ थरही तिथेच फाटतो.

अमेरिकी कंपन्यांनी रेडियलला बरीच वर्षं दूर ठेवलं, कारण जुन्या यंत्रांवर तो बनवता येत नव्हता आणि नवी यंत्रं म्हणजे प्रचंड खर्च. १९७० ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क थ्री मिशलँच्या रेडियलवर उभी राहून विक्रीला आली आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलेला विरोध मोडला. रेडियल कमी तेलात जास्त पळतो आणि जास्त टिकतो, हे मग कुणाला पटवावं लागलं नाही. योगायोग असा, की भारतात जेके टायरने पहिला रेडियल आणला तोही १९७७ मध्येच.

टिएम्पोच्या यशामागे सोयीइतकंच हिशेबाचंही कारण होतं. डेट्रॉइटमध्ये तयार झालेली गाडी मायामीला विकली जाईल की मिनिआपोलिसला, हे कारखान्याला आधी ठाऊक नसतं. दोन्हीकडे चालेल असा एकच टायर मिळाला की खरेदी सोपी, साठा सोपा. गाडी बनवणाऱ्यांनी हा टायर उचलला आणि ग्राहकाला तो निवडावा लागलाच नाही, गाडीबरोबरच आला. लोकांनी टायर निवडणं सोडलं, ते माझ्या मते इथेच.

त्यातून एक गैरसमजही रुजला. टायरच्या बाजूवर ‘एम प्लस एस’ ही अक्षरं असतात. चिखल आणि बर्फ असा त्यांचा अर्थ. वाचणाऱ्याला वाटतं, हा टायर बर्फावर तपासला असणार. तसं नाही. ही खूण नक्षीच्या भूमितीवरून मिळते. कडेपासून आत जाणाऱ्या खाचा हव्यात आणि तळाचा किमान २५ टक्के भाग मोकळा हवा. रबर कोणतं, ते थंडीत दगड होतं की नाही, याची त्यात विचारणाच नाही. आणि थंडीतला खरा प्रश्न रबराचाच आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं, मग नक्षी कितीही चांगली असली तरी रस्ता हातात येत नाही.

ही उणीव भरायला १९९९ साल उजाडलं. अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उद्योगाच्या संघटनांनी तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण आणली. ती मिळवायला दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी द्यावी लागते आणि ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. पण अमेरिकी चाचणीत मोजतात तो गाडी पुढे ओढण्याचा जोर. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते, हे त्या खुणेवरून कळत नाही.

दरम्यान घराण्यात दुसरी शाखा फुटली होती. १९८४ ची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार गुडइयरच्या ईगल व्हीआर ५० टायरवर आली. त्याची नक्षी फॉर्म्युला वनच्या पावसाळी टायरवरून घेतलेली. टायर रुंद, बाजू बुटकी. वेगवान गाडीचा टायर असा दिसायला हवा, हे तिथून लोकांच्या डोळ्यांत बसलं. पण असे टायर घेणाऱ्यांच्या गावीही बर्फ पडतच होता. म्हणून १९८० च्या दशकातच ईगल जीटी प्लस फोरसारखे टायर आले, चपळही आणि बारमाहीही. हाय परफॉर्मन्स ऑल सीझन या वर्गाची ही सुरुवात.

तेव्हा मात्र हा मेळ अर्धवटच बसायचा. ओल्या रस्त्यावर पकड देणारं रबर थंडीत कडक होई आणि थंडीत मऊ राहणारं रबर पावसात घसरे. कोंडी फुटली ती पुन्हा मिशलँमध्ये. टायर काळा असतो कारण रबराला बळकटी देण्यासाठी त्यात काजळी घालतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रोलाँ रोलिन या रसायनशास्त्रज्ञाने काजळीच्या बऱ्याच भागाच्या जागी सिलिका घातली. सिलिका आणि रबर एरवी मिसळत नाहीत, त्यांना जोडायला सिलेन नावाचं रसायन लागतं. फायदा कशात, तर चाक फिरताना टायर सेकंदाला काही वेळाच दबतो, तिथे ऊर्जा वाया जायला नको असते. पण खडबडीत डांबरावरून घसरताना रबराचा पृष्ठभाग सेकंदाला हजारो-लाखो वेळा थरथरतो, तिथे ऊर्जा जिरली तरच पकड मिळते. काजळीने दोन्ही एकदमच वाढत किंवा कमी होत. सिलिकेने त्यांची फारकत केली. आजचा चांगला बारमाही टायर पावसात ब्रेक लावल्यावर ज्या भरवशाने थांबतो, त्याचं श्रेय नक्षीपेक्षा या पांढऱ्या भुकटीला आहे.

ही वंशावळ कळली की निवड करताना बाजूवरची अक्षरं बोलू लागतात. एच म्हणजे टायरला झेपणारा कमाल वेग ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. कामावर जाताना या वेगाशी कुणाचाच संबंध येत नाही. पण तो वेग सोसायला पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचं वेष्टण घालावं लागतं, बाजू ताठ कराव्या लागतात. स्टिअरिंग वळवल्याबरोबर गाडी वळते ती त्यामुळे, आणि खड्डा जास्त जाणवतो तोही त्यामुळेच. झिजेचा आकडाही टायरच्या बाजूवरच असतो. १०० म्हणजे मानक टायर, आकडा जितका मोठा तितकी झीज कमी. या चाचणीसाठी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ४०० मैलांच्या फेरीवर गाड्यांचे ताफे ७,२०० मैल फिरवतात. हाय परफॉर्मन्स बारमाही टायरचा आकडा साधारण ५०० च्या आसपास असतो, आरामदायी टूरिंग टायरचा ६०० ते ८००. अंतिम आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो ठीक. त्याशेजारचं डबल ए, ए, बी हे पकडीचं अक्षर फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून मिळतं. वळण आणि बर्फ त्यात नाहीत.

न्यू जर्सी, शिकागो, टोरोंटोतल्या मराठी घरांना मी एवढंच सांगेन, की वर्षातला तुमचा सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवून टायर घ्या. बर्फ क्वचित पडत असेल, रस्ते तासाभरात साफ होत असतील आणि गाडी चालवण्याची आवड असेल, तर हाय परफॉर्मन्स ऑल सीझन हा पैसे वसूल करणारा टायर आहे. बर्फाळ चढ रोजचाच असेल, तर डोंगर-हिमकणाची खूण असलेला घ्या. २०१५ मध्ये युरोपात आलेल्या मिशलँच्या क्रॉसक्लायमेटनंतर असे बारमाही टायरही पुष्कळ झाले आहेत. आणि क्युबेकसारखा हिवाळा असेल, तर स्वतंत्र हिवाळी टायरला पर्याय आहे असं मानू नका. तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात डोंगर-हिमकणाची खूण कायद्यानेच सक्तीची आहे.

मुंबई-पुण्यात ७ अंशांचा प्रश्न क्वचितच येतो. इथला वाईट दिवस जुलैतला. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६३ मध्ये सहकाऱ्यासह मांडलेल्या सूत्रानुसार, टायरमध्ये ३२ पाउंड हवा असेल तर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९४ किलोमीटरला चाक रस्ता सोडून तरंगू लागतं. हवा कमी असेल तर त्याआधीच. हे गणित आहे नक्षीतून पाणी निघू शकत नाही अशा वेळचं, म्हणजे गोटा झालेल्या टायरचं किंवा खाचांपेक्षा खोल पाण्याचं. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला असं नियम मानतात. पावसाळ्यासाठी मी ३ मिलिमीटरलाच बदलायला सांगेन. कॉन्टिनेंटलच्या डीडब्ल्यूएस टायरवर तर नक्षीतच तीन अक्षरं कोरलेली असतात. एस पुसलं की बर्फावरची पकड संपली, डब्ल्यू पुसलं की पावसातली, आणि उरलेल्या डीवर फक्त कोरड्या रस्त्यावर जायचं.