तेलंग घराणे (मुंबई)

तेलंग घराणे (मुंबई) : मुंबईतील एक गौड सारस्वत ब्राह्मण घराणे. मुंबई उच्च न्यायालयाचे वकील व पुढे न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग (ऑगस्ट १८५० – १ सप्टेंबर १८९३) यांच्यामुळे ते प्रसिद्धीस आले. जन्म व मृत्यू दोन्ही मुंबईत. जन्मतारीख काही चरित्रांत २० ऑगस्ट, तर काहींत ३० ऑगस्ट अशी येते.

या घराण्याचा इतिहास लावताना देशावरच्या किंवा कोकणातल्या वतनदार घराण्यांची रीत उपयोगी पडत नाही. देशमुख, कुलकर्णी, खोत यांच्या पिढ्या सनदा, निवाडपत्रे, इनाम कमिशनची दप्तरे आणि भाऊबंदांच्या कज्जांतून बिनचूक लावता येतात, कारण त्यांच्या पाठीशी जमीन असते. मुंबईत स्थायिक झालेल्या पांढरपेशा घराण्यांना असा आधार नसतो. त्यांचा माग शाळांची पटनोंद, विद्यापीठाची वार्षिक कॅलेंडरे, वकिलांच्या याद्या आणि न्यायनिवाड्यांचे छापील अहवाल यांतून काढावा लागतो. त्यामुळे पुढील नोंदीत पूर्वजांना मोजक्या ओळी आणि न्यायालयातील कामकाजाला बराच विस्तार मिळाला आहे.

कुल व दत्तकविधान : मुंबईतील बहुतेक गौड सारस्वत घराणी आपले मूळ गोमंतकात सांगतात. कुलदेवतेचे देवालय, तेथील महाजनांची यादी आणि गोत्र या तीन खुणांवरून मूळ गाव ठरवण्याची रीत आहे. तेलंग घराण्याची छापील चरित्रांत आलेली माहिती मात्र आजोबांपासून सुरू होते. आजोबा रामचंद्र, त्यांचे पुत्र बापू आणि त्र्यंबक. काशीनाथ हे बापू रामचंद्र यांचे पुत्र. चुलते त्र्यंबक रामचंद्र यांनी त्यांना दत्तक घेतले, आणि जगाला परिचित असलेले ‘काशीनाथ त्र्यंबक’ हे नाव दत्तकविधानाने आले.

वंशावळ मांडणाऱ्याने येथे थांबावे. पुतण्याला दत्तक घेतल्यास गोत्र बदलत नाही, आडनाव बदलत नाही, घरही बहुधा तेच राहते. म्हणून अशी दत्तके कागदावर दिसत नाहीत आणि दोन पिढ्यांत विसरली जातात. परगोत्रातील मुलगा घेतला तर खटपट, विधी, कधी वाद होतो आणि त्याचा कागद मागे उरतो. सख्ख्या पुतण्याच्या दत्तकाचा तसा काहीच मागमूस उरत नाही. धर्मशास्त्राचे निबंधकार दत्तकासाठी भावाच्या मुलाला अग्रक्रम देतात, त्यामुळे ही स्थिती अपवादाची नसून नित्याची आहे. छापील वंशावळीत त्र्यंबक यांच्याखाली काशीनाथ हे नाव ‘दत्तक’ या खुणेविना लिहिले, तर जनक पित्याची शाखा निर्वंश दिसू लागते. तेलंगांविषयीच्या अनेक संक्षिप्त टिपणांत हेच झाले आहे.

शिक्षण : पाचव्या वर्षी अमरचंद वाडीतील मराठी शाळेत. १८५९ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलात प्रवेश. तेथे नारायण महादेव ऊर्फ मामा परमानंद यांचे शिष्यत्व, पुढे आजन्म स्नेह. एल्फिन्स्टन कॉलेजातून एम.ए., एल्एल.बी.; संस्कृतची भगवानदास शिष्यवृत्ती; त्याच कॉलेजात फेलो.

वकिली : मुंबई उच्च न्यायालयाच्या ‘ओरिजिनल साइड’वर अॅडव्होकेट म्हणून उभे राहण्याचा मान त्या काळी बव्हंशी विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांकडे होता. देशी वकिलांना अपिलाची बाजू मोकळी असे. विलायतेस न जाता न्यायाधीशांनी घेतलेली परीक्षा देऊन ओरिजिनल साइडवर गेलेले पहिले हिंदी गृहस्थ बाळ मंगेश वागळे. तेलंगांनी तोच मार्ग धरला आणि १८७२ मध्ये त्यांचे नाव अॅडव्होकेटांच्या यादीत दाखल झाले. उच्च न्यायालयाची आजची गॉथिक इमारत तेव्हा उभी राहायची होती. ती १८७८ च्या अखेरीस पुरी झाली.

त्यांचे इंग्रजी उत्तम होतेच; पण प्रतिपक्षाचा नामांकित बॅरिस्टर इंग्रजी भाषांतरांवर विसंबून असताना मिताक्षरा व व्यवहारमयूख हे धर्मशास्त्राचे संस्कृत ग्रंथ मुळातून काढून दाखवण्याची ताकद ओरिजिनल साइडवर फार थोड्यांकडे होती. पैसा व लौकिक दोन्ही मिळू लागल्यावर सरकारी नोकरीचे आमंत्रण त्यांनी नाकारले.

दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई (१८८४–८८) या गिरगावातील गाजलेल्या खटल्यात ते रखमाबाईंच्या वकिलांपैकी एक होते. रखमाबाई सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात वाढलेल्या. लग्न अकराव्या वर्षी झालेले. नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा नवऱ्याने दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्हे यांनी दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नसून तो इंग्लंडातील चर्चच्या कायद्याची उपज आहे, अशी त्यांची भूमिका होती. अपिलात सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट व न्या. बेली यांनी तो निर्णय फिरवला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याला हे प्रकरण दुहेरी महत्त्वाचे आहे. विधवेचा पुनर्विवाह, आधीच्या नवऱ्याची मुलगी, तिच्या नावची मालमत्ता आणि सावत्र वडिलांचे घर ही सारी नाती दाव्याच्या कागदांत व वृत्तपत्रांतील पत्रांत उघड झाली. एरवी गिरगावातल्या चार भिंतींआडच्या अशा नात्यांना लेखी पुरावा मिळत नाही.

न्यायासन : मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले हिंदी न्यायमूर्ती नानाभाई हरिदास यांच्या निधनानंतर १८८९ मध्ये तेलंगांची नेमणूक झाली. वय तेव्हा ३९ वर्षांचे. चार वर्षांच्या अल्प कारकिर्दीत हिंदू कायद्यावरील त्यांचे निर्णय प्रमाण मानले गेले.

त्यांतील सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी (इंडियन लॉ रिपोर्ट्स, मुंबई, खंड १६, पृ. २९) या प्रकरणातील त्यांचे भिन्न मत. प्रश्न असा : बाप हयात आहे, तो आपल्या भावांबरोबर एकत्र आहे आणि वाटणीला राजी नाही; अशा वेळी मुलगा बापावर व चुलत्यांवर दावा लावून स्थावर मिळकतीतला आपला हिस्सा वेगळा मागू शकतो काय? सार्जंट यांच्या अध्यक्षतेखालील पूर्णपीठाच्या बहुमताने ‘नाही’ म्हटले. तेलंगांनी मिताक्षरेतील जन्मस्वत्वाचा सिद्धांत शेवटपर्यंत नेला. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, तर तो बजावण्यासाठी बापाची संमती का लागावी, हा त्यांच्या मताचा गाभा. अलाहाबाद व मद्रास येथील उच्च न्यायालयांनी मुलाच्या बाजूचा अर्थ स्वीकारला. मुंबई इलाख्यात मात्र बहुमताचा निर्णय चालू राहिला आणि हिंदू कायद्याच्या पाठ्यग्रंथांत ‘मुंबईचा अपवाद’ म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. कायद्याच्या दृष्टीने पाहता तेलंगांचे मत सरस आहे, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ वाचून त्यांनी आजोबा-बाप-मुलगा या उतरंडीत सर्वांत तळच्या माणसाला हक्क दिला. स्वतः चुलत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्यायाधीशापुढे बाप, चुलता आणि मुलगा यांचा हा वाद आला होता, ही गोष्ट चरित्रकारांनी नोंदवायला हवी होती. निकालपत्रात अर्थातच तिचा मागमूस नाही.

वंशावळींचे संशोधन : शिलाहार राजा अनंतदेव याचा शके १०१६ चा खारेपाटण ताम्रपट तेलंगांनी ‘इंडियन अँटिक्वरी’च्या नवव्या खंडात (१८८०) वाचून प्रसिद्ध केला. या ताम्रपटात उत्तर कोकणच्या शिलाहारांची कपर्दीपासूनची वंशावळ ओळीने दिलेली आहे. ठाणे-मुंबई परिसराचा प्राचीन राजवंश लावण्याचे ते एक मुख्य साधन ठरले. दानाचा विषयही लक्षणीय आहे. येथे जमीन दिलेली नाही. स्थानक, नागपूर, शूर्पारक व चेमूल म्हणजे ठाणे, नागाव, सोपारा, चौल या बंदरांत येणाऱ्या दोघा अमात्यांच्या जहाजांना जकात माफ केली आहे. राजाची वंशावळ लिहून उरली ती जकातमाफीच्या लेखामुळे. तेलंगांनी ताम्रपटाच्या पाठाबरोबर घराण्याच्या क्रमाचीही चिकित्सा केली.

मराठ्यांच्या बखरींवरील त्यांचा इंग्रजी निबंध न्या. रानडे यांच्या ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ (१९००) या ग्रंथास परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. लढायांपेक्षा धार्मिक व सामाजिक व्यवहारावर त्यांचा भर दिसतो. मुंज, राज्याभिषेक, जातींची ग्रामण्ये या बाबतींत राजसत्ता काय करीत असे, हे त्यांनी बखरींतून वेचून काढले. कुळ आणि वर्ण कागदाने कसे सिद्ध केले जात, याचा हा मराठी मुलखातला आरंभीचा शास्त्रीय अभ्यास होय.

इतर वाङ्मय : ‘रामायण होमरवरून घेतले काय?’ हा जर्मन संस्कृतज्ञ वेबर यांना उत्तर देणारा निबंध (१८७३). भर्तृहरीची नीती व वैराग्य शतके आणि ‘मुद्राराक्षस’ यांची संपादने. भगवद्गीतेचे इंग्रजी पद्य भाषांतर (१८७५) व मॅक्स म्युलर यांच्या ग्रंथमालेतील आठव्या खंडातील गद्य भाषांतर (१८८२). लेसिंगच्या नाटकाचे ‘शहाणा नेथन’ हे मराठी रूपांतर.

सार्वजनिक कार्य : शिक्षणविषयक हंटर आयोगाचे सभासद (१८८२), त्याबद्दल सी.आय.ई. किताब, मुंबई कायदे कौन्सिल (१८८४), फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना (१८८५), त्याच वर्षी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाच्या संयोजनात भाग. मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू (१८९२). त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे पहिले हिंदी अध्यक्ष.

सामाजिक मते : सुधारणा सर्वांत कमी विरोधाच्या वाटेने न्यावी, असे त्यांचे १८८६ मधील प्रतिपादन. ‘सामाजिक विषयांसंबंधी तडजोड’ या मराठी व्याख्यानाचा सूरही तोच. संमतिवयाच्या कायद्याला (१८९१) त्यांनी शास्त्राधारासह अनुकूल मत दिले. स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र त्यांनी अगदी लहान वयात होऊ दिले आणि सुधारक मित्र त्यांच्यावर रागावले. घरातील वडीलधाऱ्यांच्या इच्छेपुढे त्यांना नमते घ्यावे लागले, असे स्नेह्यांकडून सांगितले गेले. टीकाकारांना ते पटले नाही. रखमाबाईंची बाजू मांडणाऱ्या वकिलाच्या घरात असे व्हावे, याचे दुःख वाटते. एकत्र कुटुंबात कर्ता पुरुष कोण आणि निर्णय कोणाचा, हे छापील चरित्रांवरून सांगता येत नाही.

वंशज : पुत्र पंढरीनाथ काशीनाथ तेलंग. थिऑसॉफिस्ट, अॅनी बेझंट यांचे सहकारी, वाराणसीच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात अध्यापन, होमरूल चळवळीत भाग.

चरित्रसाधने : सर रेमंड वेस्ट यांच्या चरित्रपर लेखासह कायदे कौन्सिलातील भाषणांचा संग्रह १८९५ मध्ये निघाला. निवडक लेख व भाषणे गौड सारस्वत ब्राह्मण मित्रमंडळाने छापली. एक संग्रह न्यायाधीशाच्या लेखाने सजलेला, दुसरा ज्ञातिमंडळाने काढलेला. त्यामुळे दोहोंत सार्वजनिक पुरुष ठळक आहे. घरातील स्त्रिया, म्हणजे जननी, दत्तक माता, पत्नी व मुली, यांची नावे काढणे हे या घराण्याच्या इतिहासातील मुख्य राहिलेले काम होय.

मृत्यू : ४३ व्या वर्षी. त्याच महिन्यात मामा परमानंदही वारले. न्यायासनावरील रिकाम्या जागी म. गो. रानडे यांची नेमणूक झाली.

स्मारक : माटुंगा (पूर्व) येथील तेलंग रस्ता.

नामसादृश्य : ‘तेलंग’ हे आडनाव गौड सारस्वतांप्रमाणेच आंध्रातून आलेल्या ब्राह्मण कुळांतही आढळते, केवळ आडनावावरून नाते जुळवू नये. विशेष घोटाळा होतो तो मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्याबाबत. तेही संस्कृतज्ञ आणि तेही मुंबई उच्च न्यायालयाशी संबंधित, पण शिरस्तेदार म्हणून. आनंदाश्रमाने छापलेला ‘संगीतरत्नाकर’ आणि बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेतील ‘संगीतमकरंद’ (१९२०) ही संपादने त्यांची आहेत. ती न्यायमूर्तींच्या नावावर घालणाऱ्या याद्या दुरुस्त कराव्यात. दोघांच्या पित्यांची नावे भिन्न आहेत, परंतु दत्तकाचा प्रकार ध्यानात घेता तेवढ्यावरून भाऊबंदकी नाकारताही येत नाही. त्यासाठी दोन्ही घरांचे गोत्र व कुलदेवता ताडून पाहावी लागेल.