रिकाम्या जागेचे व्याकरण

कचेरीच्या मराठीची चेष्टा करणे हा आपल्या साहित्यव्यवहाराचा जुना छंद आहे. 'सदरहू इसम', 'लिहून देणार', 'मौजे मजकूर येथील' असले शब्द दिसले की भाषेचा अध्यापक कपाळाला आठ्या घालतो. ही भाषा लाकडी आहे, तिच्यात माणूस बोलत नाही, हा आक्षेप खोटाही नाही. परंतु ती तशी का झाली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तिला घडवणारी एक गोष्ट म्हणजे मजकुरात सोडलेली रिकामी जागा. त्या जागेत आज एकाचे नाव बसेल, उद्या दुसऱ्याचे. आणि नाव बदलले तरी भोवतालचे वाक्य मोडता कामा नये. एकदाच भरलेल्या माहितीवरून अर्ज, करारनामा, हमीपत्र आणि पोचपावती असे परस्परसंबद्ध कागद संगणकाकडून एकाच वेळी तयार करून घेण्याची आजची सोय याच रिकाम्या जागेच्या इतिहासातले अगदी अलीकडचे प्रकरण आहे.

स्थिर मजकूर आणि बदलता तपशील यांची फारकत फार जुनी आहे. सातव्या शतकात मार्कुल्फ नावाच्या फ्रँक भिक्षूने दस्तऐवजांच्या नमुन्यांचा जो संग्रह केला, त्यात माणसांच्या नावांच्या जागी 'अमका' या अर्थाचे लॅटिन सर्वनाम येते. १४५४-५५ साली माइन्झ येथे छापलेली पापक्षमेची पत्रे युरोपीय मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या छापील वस्तूंपैकी आहेत. त्यांत घेणाऱ्याचे नाव आणि तारीख हाताने भरण्यासाठी कोरी जागा ठेवलेली आहे. छपाई आली आणि तिच्या पाठोपाठच छापील फॉर्म आला.

आपल्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा म्हणजे गुजरातेतील 'लेखपद्धति' हा संस्कृत संग्रह. चि. डा. दलाल आणि गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. जमिनीची दानपत्रे, गहाणखते, कर्जरोखे, राजाज्ञा, घरगुती पत्रे अशा नाना कागदांचे नमुने त्यात आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांवर संवत् १२८८, म्हणजे इसवी सन १२३१-३२, हे वर्ष घातलेले आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाशीही या ग्रंथाचा थेट संबंध येतो. देवगिरीचा यादव राजा सिंघण आणि गुजरातचा लवणप्रसाद यांच्यातील तहाचा मसुदा त्यात आहे: दोघांनी आपापल्या सीमेत राहावे, एकमेकांवर चाल करू नये, तिसरा शत्रू आल्यास साहाय्य करावे. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या इतिहासात या तहाची दखल घेतली. प्रश्न असा, की हा घडलेला तह मानायचा, की लेखनिकांना शिकवण्यासाठी रचलेला नमुना? नमुन्यात खरी नावे घातली की तो पुराव्यासारखा बोलू लागतो. साच्याचे हे सामर्थ्य लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच ग्रंथात दासीच्या विक्रीचे नमुनेही आहेत. मुलीचे नाव, वय, वर्ण, आणि मग तिने करायच्या कामांची यादी: सारवणे, झाडणे, पाणी व सरपण आणणे, मैला टाकणे, शेतात राबणे. या नमुन्याचा हेतू एका मुलीचे दुःख नोंदवण्याचा नव्हता. एकीच्या जागी दुसरीचे नाव घातले तरी कागद तसाच चालावा, एवढ्यासाठीच तो लिहिलेला होता. साचा निर्दय असतो असे म्हणणे सोपे आहे. खरे तर तो उदासीन असतो. दान आणि विक्री, क्षमा आणि शिक्षा, कशालाही तो सारख्याच तत्परतेने जागा करून देतो.

आता मराठीकडे येऊ. येथे रिकामी जागा भरणे हे केवळ कारकुनी काम नाही, ते व्याकरणाचे संकट आहे. इंग्रजी वाक्यात नाव कोठेही ठेवले तरी त्याचे रूप बहुधा तेच राहते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. सीता 'सीतेस' होते, पुणे 'पुण्यास', सातारा 'साताऱ्यास', पाटील 'पाटलास'. वाई मात्र 'वाईस' म्हणून तशीच राहते. म्हणजे '____स कळविण्यात येते' असा साचा केला, तर प्रत्येक नावागणिक कोणीतरी व्याकरण जाणणारा माणूस बसवला पाहिजे.

जुन्या मराठी पत्रव्यवहाराने हा पेच केव्हाच सोडवलेला होता. पत्राचा मायना पाहावा. 'राजमान्य राजश्री' या बिरुदानंतर नाव मूळ रूपात येते आणि विभक्तीचा भार त्यामागून येणारे 'यांसी' वाहते. गावाच्या नावाआधी 'मौजे' किंवा 'कसबे', नंतर 'येथील'. गावाच्या नावाला प्रत्ययाचा स्पर्श होत नाही. 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'राहणार' ही रूपे तर स्त्री-पुरुष आणि एक-अनेक असा कोणताच भेद दाखवीत नाहीत. एकदा नाव आले की पुढे 'मजकूर', 'सदरहू', 'मशारनिल्हे' हे फारसी-अरबीतून आलेले शब्द त्या नावाकडे बोट दाखवतात, म्हणून नाव पुन्हा लिहावे लागत नाही. ज्याला आपण लाकडीपणा म्हणतो, त्यात अशी योजना आहे: नावाला धक्का न लावता वाक्य चालवण्याची. आदरार्थी 'यांस' व्यक्तीचा मान राखते आणि लेखनिकाची अडचणही दूर करते.

एका माहितीवरून अनेक कागद करण्याची रीतही पेशवाईच्या दफ्तरात पूर्ण रुळलेली होती. एखाद्यास जमीन इनाम दिली की एकच सनद लिहून काम संपत नसे. इनामदारास पत्र, गावच्या मोकदमास पत्र, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस पत्र, आणि त्या महालाच्या कमाविसदारास किंवा वर्तमान व भावी कारकुनांस पत्र, असा संच निघे. गाव, जमिनीचे मान, चतुःसीमा, इनामदाराचे नाव व गोत्र हा तपशील सर्वांत समान असे. बदलत असे ते क्रियापद. इनामदारास 'वंशपरंपरेने उपभोग घ्या' असे सांगितले जाई, तर मोकदमास 'यांजकडे सुरळीत चालवा' असे. वस्तुस्थिती एक, पण तिच्याशी प्रत्येकाचे नाते वेगळे. आणि हे नाते साच्याच्या स्थिर भागात लिहिलेले असे. अशा पत्रांत आणखी एक आज्ञा नेहमी आढळते: दरवर्षी नवीन पत्र मागू नये, या पत्राची नक्कल उतरून घ्यावी आणि अस्सल पत्र इनामदाराकडे परत द्यावे. म्हणजे गावोगावच्या दफ्तरांत निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या प्रती साठत जात. 'रुजू', 'बार', 'मोर्तब सुद' असे शेरे आणि शिक्के त्या कागदाने कोणकोणते टप्पे ओलांडले ते दाखवीत.

विसाव्या शतकात हेच काम यंत्राकडे गेले. १९६४ मध्ये आयबीएमने चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारा टंकलेखक बाजारात आणला. त्याच्या दोन फितींच्या प्रकारात एका फितीवर पत्र आणि दुसऱ्या फितीवर पत्ते ठेवून दोन्ही एकत्र टंकित करता येत. पुढे वर्डस्टारला मेलमर्ज हा जोड कार्यक्रम मिळाला. त्यात माहितीची फाइल स्वल्पविरामांनी तोडलेली असे आणि पत्रात नावाची जागा दोन चिन्हांमध्ये बांधलेली असे. मायक्रोसॉफ्ट वर्डने टेम्प्लेट, फील्ड आणि बुकमार्क दिले. २००७च्या आवृत्तीपासून कागदातली रिकामी जागा आतल्या माहितीच्या तुकड्याशी थेट जोडता येऊ लागली, म्हणजे एके ठिकाणी नाव बदलले की कागदात जेथे जेथे ते आहे तेथे तेथे बदलते. 'मशारनिल्हे' जे बोट दाखवून करीत होता, तेच काम आता फील्ड नाव पुन्हा उमटवून करते.

मराठी कचेऱ्यांत या सोयीला आणखी एक अडसर होता. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरीचे फाँट आपापल्या निराळ्या संकेतांवर चालत; एका फाँटमध्ये टंकलेली नावांची यादी दुसऱ्यात उघडली की अक्षरांचा काला होई. सामायिक माहितीसाठी आधी सामायिक लिपिसंकेत लागतो, हा धडा त्या काळाने दिला. व्याकरणाचा पेच मात्र नव्याने सोडवावा लागला नाही. 'श्री. अमुक यांस' हा शेकडो वर्षांचा तोडगा यंत्राला जसाच्या तसा पुरला.

या सोयीचा लाभ उघड आहे. चार कागदांवर एकच नाव चार वेळा हाताने लिहिताना एकदा 'भिमराव' आणि एकदा 'भीमराव' होतो, आणि एका वेलांटीपायी माणसाला खेटे घालावे लागतात. सामायिक माहितीने हा छळ टळतो. पण तिने आणखी एक गोष्ट नाहीशी केली आहे, तिच्याकडे आपले लक्ष नाही. निरनिराळ्या दफ्तरांत निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या प्रती म्हणजे निरनिराळे साक्षीदार होते. वाद उपस्थित झाला की त्या ताडून पाहता येत. एकात सीमा चुकली असेल तर दुसरी ती उघडी पाडी. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको. पाठभेद हा दोष असतो तसा पुरावाही असतो. एकाच नोंदीतून निघालेले चार कागद मात्र सदैव जुळतात, कारण ते चार नाहीतच. मूळ नोंदीत गट क्रमांक किंवा वडिलांचे नाव चुकले तर चारही कागद तीच चूक एकमुखाने सांगतात, आणि खरे बोलणारा माणूस एकटा पडतो. कागदांचे जुळणे हे पूर्वी सत्याचे लक्षण मानता येत असे. आता ते केवळ यंत्र नीट चालल्याचे लक्षण आहे.

म्हणून कचेरीच्या भाषेकडे साहित्याच्या अभ्यासकाने नाक न मुरडता पाहावे. तिचा कोरडेपणा हा नावांना अभंग ठेवण्यासाठी मोजलेला मोल आहे, आणि ती कारागिरी थोडी नाही. पण ज्या नावाला वाक्य धक्का लावीत नाही, त्या नावाचा माणूस वाक्याला धक्का लावू शकत नाही, ही त्याच कारागिरीची दुसरी बाजू. 'लेखपद्धती'तल्या मुलीला ती रिकामी जागा नाकारण्याची सोय नव्हती. आज कागदावरची नोंद चुकीची आहे असे म्हणणाऱ्याला ते कोठे आणि कोणत्या वाक्यात म्हणता येईल, ती जागा साच्यात ठेवणे हे आपल्याच हाती आहे.