चाळीस दिवसांची मुदत

बुद्धिबळ आपल्याकडून इराणात गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यात आपण हरतो.

पहलवी भाषेतल्या एका छोटेखानी ग्रंथात ती कथा येते. हिंदुस्थानचा राजा देवशर्म पहिल्या खुस्रोच्या (कारकीर्द 531–579), म्हणजे आपल्या परिचयाच्या नौशेरवानाच्या दरबारी बुद्धिबळाचा पट धाडतो. खेळाचे मर्म ओळखा, नाहीतर खंडणी द्या. वजीर बुजुर्गमेहेर ते ओळखतो आणि उलट स्वतः एक खेळ रचून हिंदुस्थानात घेऊन येतो. हा खेळ म्हणजे नर्द, आजच्या बॅकगॅमनचा पूर्वज. इथले पंडित चाळीस दिवसांची मुदत मागून घेतात, पण एकालाही उलगडा होत नाही. देवशर्म दुप्पट खंडणी भरतो.

ज्या देशाच्या ऋग्वेदात जुगाऱ्याचे सूक्त आहे आणि ज्याच्या महाभारतातले सगळे रामायण फाशांवरून घडते, त्या देशाला फाशांचा खेळ उमगू नये! इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. झेनो या रोमन सम्राटाच्या (474–491) तीन फाशांच्या अशाच एका डावाचे वर्णन ग्रीक कवितेत आलेले आहे. म्हणजे या जातीचा खेळ बुजुर्गमेहेराच्या आधीपासून चालू होता.

पण मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. बुजुर्गमेहेर खेळाचा अर्थ तपशीलवार सांगतो. पट ही पृथ्वी, तीस सोंगट्या म्हणजे महिन्याचे तीस दिवस-रात्र, फाशांचे फिरणे म्हणजे आकाशाचे फिरणे. फाशावरचा एक म्हणजे एकमेव अहुरमज्द. तीन म्हणजे सद्विचार, सदुक्ती, सत्कृती. सहा म्हणजे वर्षातले सहा गाहंबार उत्सव. पटावरून सोंगट्या उचलल्या जाणे हे माणसांचे जगातून जाणे, आणि त्या पुन्हा मांडणे हे पुनरुत्थान. सारे सुरेख आहे. पण सोंगटी कोणत्या दिशेने चालते, एकटी सापडली तर तिचे काय होते, हे यावरून कळत नाही. हा ग्रंथ पाठ करूनही कोणाला एक डाव खेळता येणार नाही. 1010 मध्ये ‘शाहनामा’ पूर्ण करणाऱ्या फिर्दौसीने हीच कथा सांगितली, तेव्हा त्याचे नर्दचे वर्णन तर चक्क बुद्धिबळासारखे झाले. अर्थ लिहून ठेवला गेला, चाल निसटली. (आम्ही साहित्य शिकवणाऱ्यांनी यावर फार हसू नये.)

आपल्या नलाची गोष्ट इथे आठवते. ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो ते रथप्रवासात, वाटेवर, अश्वविद्येच्या बदल्यात. तिथे मुदत नाही, कोडे नाही. जाणणारा समोर आहे. पंडितांना चाळीस दिवसांत एकदाही बुजुर्गमेहेराशी खेळायला बसवले असते तर?

खेळ प्रत्यक्षात टिकला तो अशा बसण्यातूनच. तुर्कस्तानातल्या कॉफीघरांत तावला खेळताना दान पुकारतात ते बहुतांशी फारसी आकड्यांत: येक, दु, से, चहार, पेंच, शेश. एरवी तुर्कीत मोजणारा मुलगाही पटाशी बसला की वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे ऐकतो आणि सोंगटी सरकवतो. पेंच आणि शेश ऐकताना आपल्याला पंजा-छक्का आठवतो.