मंडळीचे संकेतस्थळ आणि ख्रिस्तपुराण

२५ डिसेंबर १९९५ रोजी पोपच्या नाताळसंदेशासह व्हॅटिकनने महाजालावर प्रवेश केला. तेथील संगणकांना मायकेल, गॅब्रिएल आणि राफाएल या देवदूतांची नावे देण्यात आली होती. रोमच्या पीठाला हे पेलले; लहान मंडळ्यांना जागेची निवड करतानाच अडचण येते. फुकट जागा मोहात पाडते. पण २००९ साली जिओसिटीज बहुतेक ठिकाणी बंद झाले आणि अशा जागेवर उभारलेली असंख्य पाने मालकाच्या एका निर्णयाने गेली.

येथे आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. देवनागरी खिळ्यांच्या अभावी त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्येही आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने तर स्थानिक भाषेवरच बंदी आणली. तरीही ग्रंथ तरला, कारण श्रद्धावंतांनी तो हाताने उतरवून घेतला. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळुरास त्याची पुन्हा छपाई झाली.

म्हणून संकेतस्थळ निवडताना मंडळीने आधी दोन गोष्टी ठरवाव्यात, असे आम्ही म्हणू : मजकुराची प्रत आपल्या हाती राहील काय, आणि आजचा सांभाळणारा गेल्यावर ती पुढे कोण उतरवील? रूपरंगाचा विचार त्यानंतर.